वसतिगृहातील लटका दरबार

शैक्षणिक वर्ष सुरू होऊन महिना-दीड महिना लोटला की सोलापुरातील महाविद्यालयांच्या वसतिगृहांत नवागतांच्या स्वागताचे कार्यक्रम होऊ लागतात. या कार्यक्रमांस अलीकडे एखादी ‘कल्पना’ असावी लागते. कोठे यमराजाचा दरबार भरतो आणि चित्रगुप्त नवागतांची पापे वाचून दाखवितो. कोठे इंद्रसभा असते. कोठे पेशवाईचा थाट. तर कोठे एका परदेशी कादंबरीतील जादूगारांच्या शाळेचा देखावा उभारून नव्या मुलांच्या डोक्यावर टोपी ठेवतात व त्यांची ‘घराणी’ ठरवितात. पुठ्ठ्याचे मुकुट, सोनेरी कागद चिकटविलेली खुर्ची, चादरींचा पडदा आणि पौराणिक मालिकांतून उचललेली भारदस्त भाषा, एवढी सामग्री पुरते. प्राध्यापकवर्ग पहिल्या रांगेत बसतो, बेताने हसतो आणि जेवणापूर्वी निघून जातो.

हा सारा पोरखेळ आहे हे मान्य केले पाहिजे. त्यातील विनोद बहुधा शिळा असतो आणि कल्पनेचे दारिद्र्य लपत नाही. तथापि, ज्या पोरखेळास दीड हजार वर्षांपूर्वी एका सम्राटास कायद्याने आवर घालावा लागला, आणि ज्याच्या बंदोबस्तासाठी आपल्या राज्याच्या विधिमंडळास १९९९ साली स्वतंत्र अधिनियम करावा लागला, तो इतिहासाच्या अभ्यासकाने हसून सोडून द्यावा असा खचित नाही. प्रस्तुत लेखात या लटक्या दरबाराची वंशावळ शोधण्याचे योजिले आहे. लेखकाचा मूळ व्यवसाय भाषाभ्यासाचा असल्यामुळे हा शोध पुष्कळसा शब्दांच्या वाटेने झाला आहे. या कार्यक्रमांत नवागतास कोणते सोंग दिले जाते आणि त्या सोंगात त्यास बोलण्याची मुभा असते की नाही, या एका प्रश्नावर मी विशेष भर देणार आहे. कारण माझ्या समजुतीप्रमाणे खेळ आणि छळ यांची वाट तेथेच फुटते.

नवा विद्यार्थी म्हणजे अद्याप पुरता माणूस न झालेला जीव, ही कल्पना फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडातील ब्रह्मचर्यसूक्तात आचार्य उपनयनप्रसंगी ब्रह्मचाऱ्यास आपल्या उदरात गर्भरूपाने तीन रात्री धारण करतो, असे म्हटले आहे. ऐतरेय ब्राह्मणात सोमयागाची दीक्षा घेणाऱ्या यजमानास ऋत्विज पुन्हा गर्भ बनवितात. त्याचे वस्त्र म्हणजे गर्भावरील वेष्टन, कृष्णाजिन म्हणजे वार, आणि गर्भस्थ बालकाप्रमाणे त्याने मुठी मिटून राहावयाचे. ‘द्विज’ या शब्दात हीच कल्पना गोठून राहिली आहे. येथेही सोंगच आहे, आणि तेही थोडेथोडके नाही; मिशा फुटलेल्या गृहस्थाने गर्भ म्हणून वावरावयाचे आहे. परंतु ज्यास गर्भ मानले त्यास सांभाळावे लागते, हा या कल्पनेचा गुण होय. (अर्थात हा गर्भवास सर्वांच्या वाट्यास येत नसे, त्याची दारे कोणास बंद होती हे येथे निराळे सांगावयास नको.)

पश्चिमेकडील विद्यापीठांनी निराळे रूपक पसंत केले. चौथ्या शतकातील अथेन्समध्ये नवागतास मिरवणुकीने स्नानगृहाकडे नेत. दारापाशी पोहोचताच आघाडीचे विद्यार्थी एकाएकी आरडाओरडा करीत, जणू आत प्रवेश नाकारला जात आहे. दारे बडवीत, नवख्याची घाबरगुंडी उडे, आणि मग त्यास आत घेऊन आपल्यातला मानीत. हे वर्णन नाझियान्झसच्या ग्रेगरीने आपला मित्र बेसिल याच्या निधनानंतर केलेल्या गौरवपर भाषणात येते. त्यातच तो सांगतो की बेसिलच्या विद्वत्तेविषयी इतरांचे मन वळवून आपण त्यास या प्रकारातून सोडविले. पुढे संत म्हणून पूज्य ठरलेल्या दोन पुरुषांच्या मैत्रीत ही एक वशिल्याची गोष्ट असावी, याची मौज वाटते. त्यानंतर ५३३ साली सम्राट जस्टिनियन याने कायद्याच्या अभ्यासक्रमाची नवी घडी बसविताना कॉन्स्टॅन्टिनोपल व बैरुत येथील विद्यार्थ्यांस नवागतांची व अध्यापकांची हीन थट्टा करण्याची स्पष्ट मनाई केली. अध्यापकांचाही समावेश करावा लागला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मध्ययुगीन जर्मन विद्यापीठांत या खेळास जे स्वरूप आले ते मात्र अघोरी होते. तेथे नवागतास ‘बेआनुस’ म्हणत. हा शब्द ‘पिवळी चोच’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दापासून आला. म्हणजे मुळात कल्पना पाखराच्या पिल्लाची, पोटरीला पिसे न फुटलेल्या जिवाची. परंतु विधीत त्या पिल्लाचे जनावर झाले. १४८१ च्या सुमारास छापल्या गेलेल्या, विद्यार्थ्यांस लॅटिन संभाषण शिकविण्यासाठी रचलेल्या एका पुस्तिकेत या विधीचा संवादरूप वृत्तान्त आहे. दोघे जुने विद्यार्थी नवख्याच्या खोलीत येतात आणि नाक दाबून विचारतात की ही दुर्गंधी कसली? मग त्यांना तेथे शिंगे फुटलेले, सुळे बाहेर आलेले एक श्वापद ‘दिसते’. करवतीने शिंगे कापणे, पकडीने सुळे उपटणे, रंध्याने अंग तासणे, कडू औषधे पाजणे, आणि अखेर पापांचा कबुलीजबाब घेणे असा तो क्रम. सर्व पार पडल्यावर जेवणाचा खर्च अर्थातच श्वापदाने द्यावयाचा. मार्टिन ल्यूथरने विटेनबर्ग येथे असा विधी स्वतः चालविला आणि जीवनातील पुढील हालअपेष्टांचे हे प्रतीक होय असा त्याचा अर्थ लावून दाखविला. अठराव्या शतकात ही प्रथा ठिकठिकाणी बंद पडत गेली.

या वृत्तान्तात एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुस्तिका संभाषण शिकविण्यासाठी लिहिलेली आहे, परंतु विधीत संभाषण जुन्यांचेच आहे. श्वापद बोलत नाही. त्याने विनवणी केली तरी तिचा अर्थ दुसरेच लावतात. कबुलीजबाबातील पापेही त्याची नसतात. ती आधीच लिहिलेली असतात.

याच्या नेमके उलट उदाहरण केंब्रिजचे आहे. १६२८ च्या उन्हाळ्यात तेथील ख्राइस्ट्स कॉलेजात सुट्टीचा एक विनोदी समारंभ झाला. नवागतांच्या स्वागतात ‘बाप’ आणि त्याचे ‘मुलगे’ अशी सोंगे घेण्याची जी चाल तेथे होती, तिच्याच वळणाचा हा प्रकार. त्या वर्षीचा बाप होता एकोणीस वर्षांचा जॉन मिल्टन. त्याने स्वतः ‘सत्’ या तत्त्वाचे सोंग घेतले आणि ॲरिस्टॉटलने सांगितलेले द्रव्य, परिमाण, गुण इत्यादी दहा पदार्थ म्हणजे आपले मुलगे, अशी कल्पना रचली. वैशेषिक दर्शनातील पदार्थांस मुकुट घालून आपल्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणावे, इतका हा अचाट प्रकार आहे. यमदरबाराने लाजून खाली पाहावे असा. पण त्या भाषणात एक खाजगी जखमही आहे. मिल्टनच्या नाजुक चेहऱ्यावरून व सोवळ्या वागण्यावरून कॉलेजातील मुले त्यास ‘बाई’ म्हणत. त्याने भर सभेत ते टोपणनाव स्वतःच उच्चारले आणि सविस्तर उत्तर दिले: मोठमोठे प्याले रिचविण्याची ताकद माझ्यात नाही म्हणून, की नांगर धरून माझे हात घट्टे पडलेले नाहीत म्हणून? नाव ठेवणाऱ्यांवर हशा उलटला असावा. त्यास हे करता आले, कारण त्या दिवशी खुर्ची त्याची होती.

आता आपल्याकडे वळू. आपल्या वसतिगृहांत जो दरबार भरतो त्याची भाषा ऐकताच त्याचे कूळ ओळखू येते. भालदार-चोपदार ललकारी देतात. ‘अर्ज’, ‘फर्मान’, ‘हुजूर’, ‘गुस्ताखी’, ‘मुजरा’ या शब्दांची पेरणी होते. शिवराज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश रचून दरबारातील फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आणण्याचा मोठा प्रयत्न झाला. खऱ्या दरबारावर त्याचा काय परिणाम झाला हा इतिहासकारांचा विषय आहे. लटक्या दरबाराने मात्र तो कोश उघडूनही पाहिला नाही. स्वर्गातील इंद्रसुद्धा आमच्या मुलांच्या नाटुकल्यात ‘गुस्ताखी माफ’ करतो.

हे केवळ चित्रपटांचे देणे आहे असे समजण्याचे कारण नाही. सरकारी फारसी-मराठीचा विनोदासाठी वापर करण्याची परंपरा निदान एकनाथांपर्यंत (१५३३–१५९९) जाते. त्यांच्या भारुडांत अर्जदास्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी असे दफ्तरी कागदांचे नमुने आहेत. शरीर हा परगणा, जीव हा तेथील अंमलदार, आणि वरिष्ठांकडे चाललेला पत्रव्यवहार असा तो साज. कचेरीच्या भाषेस पुरेपूर ओळखणारा श्रोता समोर असल्याखेरीज अशी रचना संभवत नाही. लळितात तर प्रत्यक्ष देवाचा दरबारच भरे. नवरात्रादी उत्सवांच्या अखेरीस देवाच्या सिंहासनासमोर चोपदार, वासुदेव, गोंधळी अशी सोंगे एकामागून एक येत, आपापल्या परीने लोकांस हसवीत आणि देवापाशी मागणे मागत. तमाशाच्या वगातील राजा, प्रधान व कोतवाल ही मंडळीही याच पंथातील. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ने १९६५ साली त्यांस शहरी प्रेक्षकांपुढे आणले, आणि पुढे स्नेहसंमेलनांतून हा बावळट राजा कायमचा वस्तीस आला. या देशी परंपरेत एक विशेष दिसतो. वगातला राजा मूर्ख असतो आणि हजरजबाबी असतो तो त्याचा चाकर. लळितातले सोंग बोलके असते. न बोलणाऱ्या सोंगास तेथे कामच नाही.

मग बोलण्याची ही मुभा आमच्या वसतिगृहांत हरवली कोठे? याचे उत्तर देण्यासाठी ‘शेलापागोटे’ या शब्दाकडे वळले पाहिजे. दरबारी सन्मानवस्त्रास ‘खिलत’ म्हणत. हा अरबी शब्द ‘अंगावरून उतरविणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. राजाने स्वतःच्या अंगावरील वस्त्र उतरवून दुसऱ्यास द्यावे, हा त्यातील मूळ भाव. ‘शिरपाव’ म्हणजे फारसीत ‘डोके व पाय’, अर्थात नखशिखान्त पोशाख. आपण त्यातील ‘शिर’ ओळखीचे पाहून तो शब्द घरचाच समजलो. शेला आणि पागोटे देऊन सन्मान करणे हा त्याचा साधा, गावपातळीवरचा अवतार. किताबाचेही तसेच: ‘संबोधन’ या अर्थाच्या अरबी ‘खिताब’पासून आलेला हा शब्द मराठीत पुस्तकवाचक ‘किताब’शी एकरूप झाला आहे. या शब्दांपैकी शेलापागोट्याचा अर्थ मराठीत उलटा फिरला. होळीच्या वेळी वर्तमानपत्रांनी पुढाऱ्यांस, आणि संमेलनात विद्यार्थ्यांनी एकमेकांस, ज्या चिमटे काढणाऱ्या पदव्या वा चारोळ्या द्यावयाच्या त्यांस शेलापागोटे म्हणू लागले. सन्मानाच्या वस्त्रात गुंडाळलेली टपली, असा तो प्रकार आहे.

येथपर्यंत ठीक होते, कारण दरबारात वस्त्र देणारा कोण हे सर्वांस दिसते. परंतु महाविद्यालयांत या शेलापागोट्याची गाठ इंग्रजी ‘फिशपॉन्ड’शी पडली. इंग्लंडातील जत्रांत पडद्याआड वा पिंपात ठेवलेल्या वस्तू गळ टाकून ओढावयाच्या, हा मुलांचा खेळ. आपल्याकडे त्या तळ्याची पेटी झाली. पेटीत कोणीही निनावी चिठ्ठी टाकावी, ती व्यासपीठावरून वाचली जावी, आणि ज्याचे नाव निघेल त्याने उभे राहून हशा सोसावा. देणारा नाहीसा झाला आणि घेणारा तेवढा उजेडात राहिला. माझ्या मते या प्रथेच्या इतिहासात हाच निर्णायक बदल होय. निनावी चिठ्ठीस उत्तर देता येत नाही. त्या क्षणी आपल्या वगातल्या हजरजबाबी चाकराचे त्या जर्मन पुस्तिकेतील श्वापद होते.

सोलापुरात हा बदल अधिक झोंबतो, कारण येथील नवागत बहुधा भाषेवरून पकडला जातो. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतून येणाऱ्या कित्येकांची घरची भाषा कन्नड. शहराच्या पूर्व भागातील पद्मशाली कुटुंबांची तेलुगू. कोणाची दखनी उर्दू. आणि ज्यांची मराठी त्यांचीही ‘बे’ने संपणारी, ‘जाऊलालो’सारखी क्रियारूपे असलेली, पुण्याच्या वसतिगृहात पाऊल टाकताच हशा पिकविणारी. मी विद्यार्थी असताना एका वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत कन्नडभाषक खेड्यातून आलेला एक मुलगा राहत असे. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंची नामे सरसकट नपुंसकलिंगी असतात. मराठीत खुर्ची स्त्री, पाट पुरुष आणि टेबल नपुंसक का, याचे उत्तर मराठी माणसापाशीही नाही. तो एकदा ‘भाकरी खाल्ला’ म्हणाला. संमेलनात चिठ्ठी निघाली, आणि ‘भाकरी खाल्ला’ हेच त्याचे तीन वर्षांचे नाव झाले. चिठ्ठी कोणी टाकली हे त्यास कधी कळले नाही. मला माहीत होते, आणि मी सांगितले नाही. वर्गात तो उत्तरे देईनासा झाला. त्याच्या गणिताच्या वह्या मात्र आम्ही सारे परीक्षेच्या आदल्या रात्री मागून आणीत असू. पुढे लिंगव्यवस्थेवरील प्रकरण लिहिताना त्या वाक्याचे शास्त्रीय स्पष्टीकरण मला दोन ओळींत देता आले.

वसतिगृहात पाऊल टाकणाऱ्यास नवे नाव देण्याचा हा प्रश्न या शहरात निराळ्या अर्थानेही जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये माध्यमिक शाळांतील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले ते सोलापुरातच. ज्या मुलांस गावाने आधीच नाना नावे ठेवली होती, त्यांना स्वतःच्या नावाने हाक मारली जाण्याची ती जागा होती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. तेथे मुले स्वयंपाकापासून सारी कामे स्वतः करीत व एका पंक्तीस बसत. त्या काळी निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका पंक्तीस बसणे हाच केवढा दीक्षाविधी होता! तेथे पुठ्ठ्याच्या मुकुटाची कोणास गरज भासली असेल असे वाटत नाही. लटक्या दरबाराचे प्रस्थ वाढते ते वसतिगृह ही केवळ राहण्याची सोय झाल्यावर, असा माझा तर्क आहे. तो तपासून पाहण्याजोगा आहे.

कायद्याविषयी थोडक्यात. महाराष्ट्राच्या १९९९ च्या अधिनियमातील रॅगिंगच्या व्याख्येत चिडविणे, थट्टेचे प्रयोग करणे, आणि विद्यार्थ्यास एरवी तो राजीखुशीने करणार नाही असे काही करावयास वा सादर करावयास सांगणे हे सर्व येते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजारांपर्यंत दंड. विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम २००९ चे. २०१६ च्या दुरुस्तीने जात, धर्म, प्रदेश यांबरोबर भाषिक ओळखीवरून केलेला छळही व्याख्येत आला. ‘भाकरी खाल्ला’ आता विनियमांत बसतो. २०१९ मध्ये आयोगाने नवागतांसाठी जो परिचय-कार्यक्रम आखून दिला त्यास ‘दीक्षारंभ’ असे नाव आहे. ऐतरेय ब्राह्मणाचा शब्द अशा रीतीने परिपत्रकात परतला आहे, जरी मुठी मिटून बसण्याचे कलम त्यात नाही. या साऱ्याचा अनपेक्षित परिणाम असा की मध्यरात्री बंद खोलीत होणारे प्रकार पुष्कळ ठिकाणी मागे पडले आणि अधीक्षकांच्या देखत होणारे सोंगांचे कार्यक्रम बोकाळले. म्हणजे कल्पनेचा हा बाळबोध बहर काही अंशी कायद्याचेच अपत्य होय. मला त्याची तक्रार नाही. पेटी मात्र अजून पुष्कळ ठिकाणी आहे.

शहरातील एका मुलींच्या वसतिगृहात दोन वर्षांपूर्वी एक लहानसा बदल करण्यात आला. शेलापागोटे देणारीने चिठ्ठीखाली सही करावी, आणि जिला ते मिळेल तिने हवे तर त्याच दरबारात उत्तर द्यावे, असा नियम झाला. पहिल्या वर्षी चिठ्ठ्या एकदम कमी झाल्या, म्हणून विद्यार्थिनी-प्रतिनिधी हिरमुसल्या होत्या. गेल्या वर्षी यमाचा दरबार होता. चित्रगुप्त झालेल्या मुलीने अक्कलकोटकडील एका नवागत मुलीचे पातक वाचले, की ही खोलीत झोपेत कन्नड बोलते. आरोपीने जागेवरूनच कन्नडमध्ये लांबलचक जबाब दिला. चित्रगुप्तास अक्षर कळले नाही. यमराजाने दुभाषा हजर करण्याचे फर्मान काढले, तेव्हा मागच्या रांगेतून स्वयंपाकघरातील मावशी उठल्या आणि त्यांनी हसत हसत सांगितले, ‘ती म्हणते, मी झोपेत काय बोलते ते ऐकायला तुम्ही रात्रभर जाग्या कशाला राहता?’ चित्रगुप्ताच्या वहीत हे कसे लिहावे याविषयी बराच वेळ खल चालला होता.